नारळी पुनवेची चाचणी

मी तोंडाची फटकळ, हे सगळं नवापूर जाणतं. पण राऊतसाहेबांचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात. हसायचं तर हसा.

सदुसष्ट सालची गोष्ट हाय. तारापूरच्या बाजूला नवा कारखाना उभा राहत होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून माझा नवरा दामू तिथं पाईप जोडायला जायचा आणि मी घमेली उचलायला. त्या दिवशी नेमकी नारळी पुनव. दर्याला द्यायचा नारळ मी हळदकुंकू लावून टोपलीतच आणला होता. सुट्टी झाली की तसंच किनाऱ्यावर जायचं. सगळा गाव वाजतगाजत निघणार, आणि आमी मात्र तिथंच अडकलेलो. का? तर पाईपांची चाचणी! लांबलचक पाईप पाण्यानं भरायचा, हातपंपानं दाब चढवायचा आणि सांधे गळतात का बघायचं.

राऊतसाहेब म्हणजे कमलाकांत राऊत, केळव्याच्या बागायतदाराचा मुलगा, नवा नवा इंजिनियर. पाईप भरला तरी पंपाला कोणाला हात लावू देईनात. वरच्या नळातून हवा फुस्स फुस्स करत होती. ती पुरी निघून पाण्याची सलग धार लागेपर्यंत थांबा म्हणाले.

मुकादम बन्सी वैतागला. "साहेब, सणाचा दिवस हाय. राहू दे थोडी हवा. आणि दाबाचा काटा चांगला वर चढवू, एकदाच खात्री होऊन जाईल."

"पाईप सोसेल, पण हा बिडाचा वॉल्व्ह सोसणार नाही," साहेब म्हणाले. "लाईनीत सगळ्यात नाजूक जे आहे, त्याला झेपेल तेवढाच दाब." त्यांनी काट्याच्या तबकडीवर तांबडी रेघ ओढली. पाईपाभोवती दोर बांधून घेतला आणि दाब उतरवेपर्यंत त्याच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असंही बजावलं.

मेला सणसुद्धा करू देत नाय, मी मनात म्हटलं.

शेवटी धार लागली. पंप सुरू झाला, काटा रेघेला टेकला. तेवढ्यात वॉल्व्हशेजारच्या सांध्यावर ओल दिसली.

आता आमची कोळ्यांची एक खोड सांगते. होडीत पाणी झिरपतंय असं वाटलं की आमी फळ्यांवरून तळहात फिरवतो. डोळ्याला नाय दिसत ते हाताला कळतं. दामूचा हात तर गावात नावाजलेला, दुसऱ्यांच्या होड्या तपासायलाही त्यालाच बोलावायचे. हा शहाणा दोराखालून वाकून गेला आणि त्या सांध्यावर हात ठेवला की!

"दामू, मागे हो!" साहेब ओरडले. आणि फाट्कन सांधा सुटला.

माझ्या हातातलं घमेलं पडलं. पाण्याच्या लोटात दामू दिसेचना. अगो बाई, माझा जीवच गेला! पण पाणी लगेच ओसरलं. बघते तर हा चिखलात बसलेला, नखशिखांत भिजलेला, तळहाताची साल निघालेली, आणि माझ्याकडे बघून हसायला बघतोय. मी धावत जाऊन आधी त्याची बोटं चाचपली, मग पाठीत धपाटा घातला, मग रडले.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी दामूचा हात उलटासुलटा करून पाहिला, आणि मगच त्याच्यावर भडकले. "आत हवा राहिली असती तर हा हात खांद्यापासून गेला असता! दाबलेली हवा उसळी घेते रे. पाण्याचं तसं नाही, वाट मिळाली की त्याचा जोर तिथंच संपतो." मग वॉल्व्हकडे बोट दाखवलं. "आणि बन्सी म्हणत होता तसा दाब चढवला असता, तर याचे तुकडे तुझ्या डोक्यात बसले असते."

बन्सीनं सैल झालेला दोर पुन्हा ताणून बांधला.

मी टोपलीकडे गेले. नारळ काढला आणि साहेबांपुढे धरला.

ते लाजले. "अहो बाई, आमच्या वाडीत नारळांचा ढीग पडलाय. आणि हा समुद्राचा आहे, मान त्याचा."

"त्यानं माझा बाप नेला," मी म्हटलं, "तरी दर साल त्याला नारळ देते. तुमी माझा नवरा ठेवलात. घ्या मुकाट्यानं."

साहेबांनी दोन्ही हात पुढे केले.