वर्षभराचं इंजिन

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस मला सोबत नेतो तेव्हा मनातून त्याने ती गाडी आधीच घेतलेली असते. मला फक्त मान डोलवायला नेतात. मोहाडीत माझं गॅरेज आहे. पस्तीस वर्षं डिझेल इंजिनांत हात काळे केले, आणि एवढ्या वर्षांत ‘डोमा मिस्त्री नको म्हणाला’ म्हणून गाडी सोडून देणारी माणसं चार-पाचच भेटली असतील. बाकीचे रंग बघतात, टेप वाजवून बघतात आणि सहा महिन्यांनी तीच गाडी दोरीने ओढत माझ्या दारात आणून उभी करतात. मला राग येतो. या वयात इतका राग बरा नाही असं माझी बायको सुंदरबाई म्हणते. पण येतो, त्याला मी काय करू?

भैयाजी तसला नाही असं मी समजत होतो. आम्ही चौथीपासूनचे सोबती. मोहाडीपासून पाच किलोमीटरवर त्याचं गाव, तळ्याखाली धानाची थोडी शेती, आणि एकच मुलगी, तृप्ती. तिचं लग्न आंबागडच्या प्रितमशी ठरलं होतं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, बैठकीला मीही होतो. मुलाचा बाप सगळ्यांसमोर म्हणाला, “आमाले काही नाही पायजे. पोराचा भाजीपाल्याचा धंदा लागला पायजे, बस्.” धंदा लागायला काय लागतं हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळलं. पिकअप. आणि आम्ही सगळे पोह्यांवर शेव घालून खात बसलो.

नवी गाडी भैयाजीच्या आवाक्यात नव्हती. जुनी शोधता शोधता त्याला आसगावची एक सापडली.

“तूच पाहजो डोमा,” तो म्हणाला. “इंजिन किती दिवस चालन ते बराबर सांग. पोरीचा प्रश्न आहे.”

पोरीचा प्रश्न आहे म्हटल्यावर मी कामं बाजूला टाकली. निघायच्या आदल्या दिवशी त्याला बजावलं, विकणाऱ्याला फोन करू नको. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा कसं सुरू होतं, त्यावर निम्मी परीक्षा असते. गरम इंजिन कोणाचंही गोड चालतं.

आठच्या सुमारास आम्ही मोटरसायकलने आसगावला पोचलो. गाडीवाला बाबूलाल केस विंचरून, दोन खुर्च्या टाकून वाट बघत होता. मी बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसला.

“फोन केला तू?” मी भैयाजीला विचारलं.

“मंग? तो घरी पायजे ना बापा.”

इथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

बाबूलाल म्हणाला, “एक हाती चालली आहे मिस्त्री. भाजीपाल्याशिवाय काही भरलं नाही तिच्यात.”

मी खाली वाकलो. मागच्या कमानीत, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगमध्ये, एक पाटा जास्तीचा बसवलेला होता. हौद्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर नखात रेती. “वांगे नेयाले जास्तीचा पाटा कायले लागते?” मी विचारलं. बाबूलाल हसला. चोरी पकडल्यावर हसणारी माणसं मला अजिबात सहन होत नाहीत. मीटर साठ हजार दाखवत होतं आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं. साठ हजारात रबर असं होत नाही. मीटर मागे फिरवलेलं होतं.

इंजिन धुऊन पुसून चकचकीत केलेलं होतं, म्हणजे कुठून तेल गळतं ते दिसू नये. तेल मोजायची डीपस्टिक ओढली तर तिला काकवीसारखं जाड तेल. आतला खडखडाट दबावा म्हणून असलं तेल घालतात. मी गाडी सुरू करायला लावली, वरचं तेलाचं झाकण काढलं आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं. ज्या इंजिनात जीव आहे त्याच्यावर हे झाकण थरथरतं, पण बसून राहतं. इथे ते उडून माझ्या पायावर पडलं आणि तोंडातून भक्‌भक् धूर यायला लागला. बाबूलालला म्हटलं, रेस दे. मागे निळा धूर. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि गाडी डिझेलसोबत तेलही पीत होती.

मी भैयाजीला बाजूला, जवळच्या तळ्याच्या पाळीवर घेऊन गेलो.

“आतून गेली आहे,” मी सांगितलं. “आज चालून राहिली, पण वर्षाच्या आत इंजिन खोलावंच लागन. रिंगा, पिस्टन, लायनर, सारंच.”

“म्हंजे वर्षभर चालन?”

“रडत रडत चालन.”

“पक्कं? बारा महिने?”

“अबे, बारा नाही तर दहा. मी म्हणून राहिलो, नको घेऊ.”

त्याच्या तोंडावर उजेड पडला. “दहाबी खूप झाले. मंग घेऊन टाकू.”

मला वाटलं, याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं, जरा मोठ्याने. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलाला समजवावं तसं मला समजवलं.

“डोमा, मले पाच वर्षाची गाडी पायजेच नाही. लगन वैशाखात आहे. वर्षभरात पोरीले लेकरू होऊन जाईन. मंग इंजिन बसलं तरी कोन वापस धाडते तिले?”

आयुष्यभर लोक मला विचारत आले, इंजिन जास्तीत जास्त किती चालेल. कमीत कमी किती चाललं म्हणजे आपलं काम भागतं, असं विचारणारा हा पहिला. आणि त्याने हिशेब बरोबर केला होता! माझ्याच विद्येवर केला होता. माझ्या कानशिलात ठणके बसायला लागले.

“वापस नाही धाडलं म्हणजे झालं का?” मी ओरडलो. “गाडी बंद पडली का रोज बोलनं खाईन तृप्ती. पोटची पोरगी होय का कोन होय तुही?”

“साऱ्याच खाते बोलनं. तू नको चिल्लाऊ, बाबूलाल ऐकून राहिला.” मग आवाज खाली करून म्हणाला, “प्रितमच्या बापाचा फोन येईन तुले. तुह्या नावाचा भरवसा आहे त्याले. एवढंच सांगजो, गाडी मी पाहली म्हनून. खोटं बोल म्हंतो का मी तुले?”

नाही. खोटं बोल म्हणत नव्हता. मी पाहिली होतीच. मी वाकून एक दगड उचलला आणि तळ्यात भिरकावला, कारण तो त्याच्या डोक्यात घालणं बरं दिसलं नसतं.

भैयाजीने विसार दिला, बाबूलालने खिशात घातला. परतीच्या वाटेवर भैयाजी माझ्या मागे बसून गाडीला हार कुठून आणायचा, नाव काय लिहायचं, ते बोलत होता.

घरी आलो तर सुंदरबाई सुपात तांदूळ निवडत होती. मी चपला काढायच्या आत सुरू झालो. भैयाजी माणूस नाही, कसाई आहे. प्रितमचा बाप भिकारी आहे. गाड्या मागतात, लाज नाही वाटत. असल्यांना भर चौकात जोड्याने हाणलं पाहिजे. तिने मला थांबवलं नाही. माझा दम संपला तेव्हा सूप खाली ठेवून म्हणाली,

“तुमची मोपेड आठवते?”

माझ्या लग्नात सासऱ्याने एक जुनी मोपेड दिली होती. मी विसरलो होतो म्हणालो तर ते खोटं ठरेल. आठवायची गरज पडली नव्हती, एवढंच.

“दुसऱ्या महिन्यात बंद पडली ते,” सुंदरबाई म्हणाली.

“कार्बोरेटरमध्ये कचरा होता,” मी सवयीने बोलून गेलो.

“कचरा होता का काय होता, मले नाही समजत. मले एवढं समजते का तुमी किक मारत आणि एक शिवी माह्या बापाले देत. तुह्या बापानं भंगार गळ्यात मारलं, असं म्हनत. सासूबाई आतून हसत. मी सकाळी चुलीपाशी बसून देवाले म्हनत जावो, आज पहिल्या किकमध्ये सुरू होऊ दे. तुमी मिस्त्री होते. कचरा कोनाचा होता ते तुमाले माहीत होतं.”

मला माहीत होतं. त्या कार्बोरेटरमध्ये सासऱ्याचा काय दोष? पेट्रोल मीच कॅनमधून ओतायचो. तरी तीन वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या, आणि त्या खाल्ल्या हिने. राग कुठे काढावा ते मला कळेना. तो आता बाहेर जायला तयार नव्हता.

“फोन आला का त्यायले काय सांगाचं ते तुमी पाहा,” ती सूप उचलत म्हणाली. “पन पोरीले कोन सांगन?”

मी जेवलो नाही. तसाच भैयाजीच्या गावी गेलो.

अंगणात मोहफुलं वाळत पडली होती आणि तृप्ती ती हाताने पसरवत बसली होती. भैयाजी खाटेवर होता. मला बघून त्याला वाटलं, मी निवळलो. तो उठून बसला. मी उभ्यानेच तृप्तीला सगळं सांगितलं. झाकण उडालं ते, धूर, रेती, मीटर. दहा-बारा महिन्यांत इंजिन बसणार, हे स्पष्ट सांगितलं.

“तुले कोन बलावलं इथं?” भैयाजी ओरडला.

तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, “काका, बाबाले माहीत होतं हे?”

मी भैयाजीकडे पाहिलं. तो खाटेची दोरी चाचपायला लागला. त्यावरून तिला कळायचं ते कळलं. तिचे डोळे भरले. मग तिने हात पदराला पुसावे तसे ओढणीला पुसले आणि मोबाइल घेऊन प्रितमला फोन लावला. आम्हा दोघांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“प्रितमजी, गाडीचं नाही जमत. इंजिन खराब निंगालं, आणि दुसरी घ्याची बाबाची ताकद नाही. मी गाडीशिवाय आली तर चालते का तुमाले?”

पलीकडे कोणीतरी टीव्ही लावला होता, त्याचा आवाज येत राहिला. तो मुलगा वाईट नव्हता. साक्षगंधात मान खाली घालून बसला होता. तृप्ती वाट बघत होती आणि खरं सांगतो, मीही वाट बघत होतो.

“बाबाले विचारून सांगतो,” तो म्हणाला.

“नको विचारू,” तृप्ती म्हणाली आणि फोन बंद केला.

भैयाजी खाटेवरून उठला तो थेट माझ्या अंगावर आला. “लगन मोडलं तू माह्या पोरीचं!” त्याने माझी कॉलर धरली. मी सोडवून घेतलं नाही.

“सोडा त्यायले बाबा,” तृप्ती म्हणाली. “उद्या आसगावले जा आणि विसार वापस आना.” मग ती पुन्हा मोहफुलांपाशी बसली. हाताने पसरवत होती, पण एकाच जागी.

येताना मोटरसायकलवर मी प्रितमला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. म्हटलं, एवढा घोडा झाला, धंदा करायला निघाला, आणि आपल्या होणाऱ्या बायकोला घरात घ्यायचं की नाही हे बापाला विचारतो! धानाच्या बांधावरची दोन माणसं वळून बघायला लागली तरी मी थांबलो नाही. मोहाडीचा फाटा आला तेव्हा शिव्या आपोआप आटल्या. आमच्या वेळी घरोघरी फोन नव्हते. असते, आणि साक्षगंधानंतर सुंदरबाईने मला हेच विचारलं असतं, तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला नीट ठाऊक आहे. बापाला विचारून सांगतो, असंच म्हटलं असतं. आणि तिने फोन ठेवला असता, तर चारचौघांत तिलाच माजोरी म्हणत फिरलो असतो.