धुतलेला चिखल

ऋचाची एक बाटली काही केल्या काळी पडत नव्हती, आणि त्यापायी तिची तीन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती.

पनवेलच्या कॉलेजात शिकवता शिकवता ती पीएचडी करत होती, सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंवर. आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो, हे पठ्ठे सल्फेटवर. हवा त्यांना सोसत नाही आणि सोडतात तो वायू सडक्या अंड्याच्या वासाचा. ऋचाला त्यांचं कोण कौतुक! काही स्वल्पविरामासारखे वाकडे नि चपळ; काही संकट आलं की बीजाणू होऊन बसणारे, उकळत्या पाण्यालाही भीक न घालणारे. पण खरी वाटणी जेवणावरून. एक गट लॅक्टेट खातो आणि त्यातून उरलेलं अ‍ॅसिटेट लाडावलेल्या पोरासारखं ताटात टाकून उठतो. दुसरा ते उष्टंही संपवून ताट लख्ख करतो. पहिले तिला ढिगाने सापडले होते. दुसऱ्यांसाठी मांडलेली अ‍ॅसिटेटची बाटली मात्र दर खेपेला नितळच राही. ते वाढले असते तर त्यांच्या वायूने बाटलीतलं लोह काळं पडून ती काळी झाली असती.

चिखल यायचा जासईच्या मिठागरातून. ऋचा बांधावर पोचायची तोवर मीठ पिकवणारी ठमाबाई आत उतरून बरणी भरून ठेवायची. आता सोमवारपासून तिथे कंटेनर यार्डसाठी भराव पडणार होता. म्हणून शनिवारी ऋचा शेवटची गेली, तीही नेहमीपेक्षा तासभर आधी. बघते तर ठमाबाई विहिरीवर घमेल्यात चिखल खळखळून धुतेय.

"मावशी, हे काय चाललंय?"

"धुते बाय. दर टायमाला दोनदा धुते. वरचा चांगला घेते, तांबूस. तू मास्तरीन, तुला काय घान वासाचा चिखल देऊ?"

तीन वर्षं ही माउली पाहुणचार म्हणून ऋचाला हवे तेच जिवाणू धुऊन टाकलेला चिखल देत होती! रागवायचं तरी कुणावर? तिला रडू यायला लागलं आणि बाहेर पडलं ते हसू.

"मावशी, मला घाणच हवी आहे हो!"

"मंग आदी नाय सांगायचं?" ठमाबाई उजळलीच. "घान काय एक हाय? आमी बाया आगरात उतरताना चांदीची अंगठी कनवटीला बांधतो, नायतर काली पडते. खाडीच्या फाटकाजवल उतरलं तर दिस जातो काली व्हायला. मधल्या वाफ्यात दुपार. आन त्या तिवरांच्या कोनात, पाला कुजतो ना तितं, पान खाऊन होईपरेंत काली."

चांदी काळी करतो तो तिच्या जिवाणूंचाच वायू! तीन वर्षं ती जो नकाशा धुंडाळत होती, तो या बाईच्या बोटात होता. आपण विचारलं कसं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

ठमाबाई तिवरांच्या कोपऱ्यात उतरली. अंगठी तिने काढलीच नाही. खांद्यापर्यंत हात घालून तिने बरणी चिखलातच काठोकाठ भरली आणि आतल्या आत झाकण फिरवलं. "हवा रायली का नासतं. लोनचं नाय घालत आमी?"

महिन्याभराने अ‍ॅसिटेटची बाटली काळी झाली. त्यातल्या थेंबाने दुसरी, दुसरीतल्या थेंबाने तिसरी. ऋचा बाटली घेऊन धावतच जासईला गेली. मिठागराच्या जागी लाल मुरूम पसरला होता.

ठमाबाईने घरच्या अंगणात बाटली उन्हात धरली. "जिता हाय?"

"हो. यातूनच आता पुढे वाढवत राहीन. वास घ्यायचाय? उघडते. हवा लागली तर ही एक वाया जाईल, माझ्याकडे अजून आहेत."

"नको, नको. नको मारूस." ठमाबाईने झाकणावर हात ठेवला. बोटातली अंगठी अजून काळीभोर होती.

"मावशी, ही राखेने घासली की निघेल."

"ठाव हाय," ठमाबाई म्हणाली. "पन घासायची नाय."