डाव्या पायाचा भार

तापीकाठच्या राजघाटाच्या वरच्या सपाट फरशीवर अप्पांना रोज वीस फेऱ्या मारायच्या असत. लकव्यानंतरचा हा चौथा महिना. बुटांत सेन्सरचे पातळ तळवे बसवलेले होते; कोणत्या पायावर किती भार पडतो ते सुनेच्या, चारुलताच्या मोबाइलवर दिसे. पाच मिनिटं भार पडलाच नाही, तर मोबाइल वाजे. डावा पाय अडतीस टक्क्यांवर अडला होता. पंचेचाळीस झाल्याशिवाय पायरी चढायची-उतरायची नाही, असं फिजिओथेरपिस्ट निरंजनने बजावलं होतं. आयुष्यभर पेपरमिलमध्ये मशीनचे काटे मी पाहिले, आता तुम्ही माझा काटा पाहता, असं अप्पा तिला चिडवत.

आज दुपारी ती वरच्या रस्त्यावर स्कूटर सावलीत लावायला गेली. झाडाखाली जागा शोधण्यात वेळ गेला, आणि मोबाइल वाजला. डावा शून्य. उजवा शून्य.

माणूस पडला की दोन्ही पायांवरचा भार जातो. ती धावली. फरशी रिकामी होती. कडेला बूट शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे आत खोचलेले. रोज तीच बांधायची त्या नाड्या एका हाताने सोडवल्या होत्या.

अप्पा पाच पायऱ्या खाली, घोटाभर पाण्यात उभे होते. पायाखाली शेवाळ, धरायला कठडा नाही, आसपास कोणी नाही. ओठांवर आलेली हाक तिने गिळली. ते दचकून वळले असते तर गेलेच असते. मोबाइल आणि चपला वरच ठेवून ती एकेक पायरी उतरली आणि त्यांचा कमरेचा पट्टा मुठीत धरला.

"बूट घालून तापीमाईत उतरू का?" ते पुढेच बघत म्हणाले. मग हळूच, "उतरलो खरा. आता वर पाय उचलत नाही, सूनबाई."

चढताना आधी चांगला पाय, हे तिला पाठ होतं. पण उजवा उचलला की तेवढा वेळ सगळा भार एकट्या डाव्यावर. तिने पट्ट्यावरची मूठ आवळली.

"उजवा आधी, अप्पा. मी धरलंय."

पट्ट्यातून त्यांची थरथर तिच्या हाताला लागत होती. उजवा पाय पाण्यातून सुटला. डावा गुडघा वाकला, आणखी वाकला, आणि तिथेच थांबला. वर मोबाइल पुन्हा वाजू लागला.

उजवा ओल्या दगडावर टेकला. मागोमाग डावा आला.

"चार राहिल्या," अप्पा म्हणाले.