लख्ख घासलेला हंडा

मी एक जुना पितळी हंडा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगतो.

गुनिल्डाच्या आईने मला लेकीबरोबर सासरी धाडले. इंग्लंडातल्या त्या खेड्यात गुनिल्डा माझ्यात बार्लीची बिअर करायची आणि ती तयार झाली की खूण म्हणून दारावर झाडू टांगायची. झाडू दिसला की अख्खे गाव मडकी घेऊन हजर! पिऊन लोक म्हणत, "वॉल्टरची बिअर झकास!" तिच्या नवऱ्याने, या वॉल्टरने, कधी चुलीत लाकूडसुद्धा सारले नव्हते. मी आतल्या आत खदखदायचो.

मग वॉल्टर वारला. मयताला आलेल्यांना बिअर पाजायची रीत. चारचौघांत नवऱ्याची शोभा नको, म्हणून गुनिल्डाने रडत रडत मला वाळूने घासले. मी सोन्यासारखा चमकलो आणि तिथेच घात झाला.

गावची दुसरी रीत अशी, की बाप गेला की घरातले सर्वांत चांगले भांडे थोरल्या मुलाचे. वॉल्टरच्या पहिल्या बायकोचा मुलगा ऑस्बर्ट जमीनदाराच्या कारभाऱ्याला घेऊन आला. शेजारी तेवढाच मोठा, पण गळका हंडा काजळी पांघरून बसला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

"अरे, हा माझ्या आईचा!" गुनिल्डा ओरडली. "माहेरून आणलाय मी."

"आणलास तेव्हाच नवऱ्याचा झाला," कारभारी हसला. "तूसुद्धा त्याचीच झालीस की, बाई!"

"ऑस्बर्ट, यातलीच बिअर पिऊन वाढलास ना रे मेल्या? आता मी कशावर जगू?"

"तमाशा नको, आई. लोक बघतायत."

आई म्हणाला आणि मला उचलून घेऊन गेला! आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो.

त्याच्या बायकोला बिअर करता येत नाही. ती माझ्यात डुकरांसाठी खरकटे साठवते. ते डुकरांना घालायला भाकरीच्या तुकड्यावर इथे राबते कोण? गुनिल्डा.

परवा गुनिल्डाच्या लेकीचे, सबीनाचे लग्न ठरले. तिच्याबरोबर सासरी धाडायला गुनिल्डाने त्या गळक्या हंड्याच्या भोकाला डाग देऊन तो इथे, माझ्यासमोरच आणला. सबीना तो घासायला बसली, तशी गुनिल्डाने वाळू हिसकावून फेकली आणि चुलीतली काजळी त्याला आणखी फासली.

"आई, सासरचे काय म्हणतील?"

"गलिच्छ म्हणतील, म्हणू देत. आतून धू, बाहेरून हात लावू नकोस. नवरा गेल्यावर मला दुवा देशील."

मित्रांनो, भांडी गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा. मी म्हणणार नाही. गुनिल्डाने मला जपले, म्हणूनच गमावले. ज्या घरात बाईचे भांडे बाईचेच राहते, तिथे खुशाल घासा. तोवर काजळी असू द्या.