उजव्या डोळ्याखालचा आखडू

मी एक स्नायू बोलतोय. उजव्या डोळ्याला खालच्या बाजूनं चिकटलेला, फितीएवढा. डोळा खाली वळवायचा, एवढंच माझं काम. चाळीस वर्षं ते इमानेइतबारे केलं, पण कुणी माझी साधी विचारपूस केली नाही.

माझे मालक थोरल्या भावाबरोबर सलून चालवतात. त्यांना थायरॉइडचं दुखणं जडलं आणि शरीराचे पहारेकरी चुकून माझ्यावरच तुटून पडले. मी सुजलो, मग आखडलो. खरं सांगतो, आखडल्यावरच मला भाव आला. डोळा असा खाली ओढून धरला की मालकांना एकावर एक दोन गिऱ्हाइकं दिसू लागली. हनुवटी वर केली तरच एक दिसे. लोक म्हणाले, हा फार शिष्ट झालाय. मला भारी गंमत वाटायची.

मग एकाच्या कानाला वस्तरा लागला. थोरल्या भावानं वस्तरा काढून घेतला आणि मालकांना टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं. तेव्हा मात्र मी ओशाळलो.

दुखणं स्थिरावेपर्यंत वर्ष गेलं. शेवटी डॉक्टरबाईंनी मला डोळ्यापासून सोडवून जरा मागे शिवलं. गाठ सरकती ठेवली, म्हणजे मालक शुद्धीवर आल्यावर नजर तपासून ती पक्की करता येईल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीवरचा दिवा दाखवून विचारलं, कसं दिसतंय. मालक म्हणाले, "छान. एकदम छान."

साफ खोटं. हनुवटी सवयीनं वर होती; सरळ धरली की दिवे दोन होते, मी साक्षीला आहे. पण सलूनमध्ये मानेमागे आरसा धरला की पसंत असो-नसो, प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. जन्मभर तेच ऐकलेल्या माणसाला भिडेपोटी दुसरं उत्तर सुचेना. बाई गाठ पक्की करायला वाकल्या.

मालकीणबाई शेजारच्या स्टुलावरून उठल्या. "अहो, हनुवटी खाली घ्या आणि मोजून सांगा. वस्तरा परत हवाय ना?"

मालकांनी हनुवटी खाली घेतली. मग पुटपुटले, "दोन आहेत."

डॉक्टरबाईंनी गाठ किंचित सैल केली. वरचा दिवा सरकत सरकत खालच्यात मिसळला. मालकांना रडू आलं आणि खारं पाणी माझ्या टाक्यांना झोंबलं. मी तक्रार केली नाही.

हल्ली फार खाली बघायचं म्हटलं की मी कुरकुरतो. तेवढं चालवून घ्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी सलून उघडल्या उघडल्या थोरला भाऊच खुर्चीत बसला. वस्तरा मालकांच्या हाती दिला, मान मागे टाकली आणि म्हणाला, "कर सुरू." मालकांनी पहिला गाल जपून, श्वास रोखून केला.

दुसऱ्या गालावर वस्तरा आला, तेव्हा भाऊ घोरत होता.