मावुंगालच्या अंबू माषांची मुक्ती

मानवजातीच्या मुक्तीचं साधन करंगळीच्या पेराएवढं असतं, याविषयी अंबू माषांच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती — तळहातावर तो काळा, गुळगुळीत पेनड्राइव्ह, आणि त्याला येणारा मोहरीचा वास... कारण काल रात्री अगदी नीट जागी ठेवलेलं हे साधन सकाळभर सापडत नव्हतं, आणि सापडलं ते मोहरीच्या डब्यात. जागा नीटच होती. मुक्ती मोहरीत कोण शोधणार?

केरळात, पय्यन्नूरजवळच्या गावात तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे सगळे त्यांना माष, म्हणजे मास्तर, म्हणत, बायकोसुद्धा. शाळेतल्या संगणकांवर मुलांना त्यांनी केव्हाच लिनक्स शिकवलं होतं — सर्वांनी मिळून घडवलेलं, सर्वांचं, कुणा कंपनीच्या मालकीचं नाही. घरी मात्र मुलीने शारजाहून पाठवलेला लॅपटॉप, आणि त्यात आयतं बसून आलेलं कंपनीचं राज्य. ओणमच्या सुमारास वाचनालयात 'संगणक आणि गुलामी' या विषयावर बोलताना, नेमका स्वातंत्र्य हा शब्द उच्चारायला आणि मागच्या पडद्यावर ती निळी सूचना यायला एकच गाठ पडली : सुधारणा चालू आहे, कृपया यंत्र बंद करू नका. लोक हसले. मग चहा प्यायले. मग घरी गेले. आज संध्याकाळी तेच व्याख्यान पुन्हा होतं, आणि म्हणून आज सकाळीच क्रांती उरकून घेणं भाग होतं.

फाटकावर कोरन येऊन उभा राहिला. वाचनालयाचा चिटणीस, माषांचा जुना विद्यार्थी, गणितात कच्चा आणि बोलण्यात पक्का.

"माषे, आज यंत्र मध्येच झोपणार नाही ना? नाहीतर चटयाच अंथरतो, आम्हीही पडू."

"आज ते माझं आहे, कोरा. मी सांगेन तेव्हाच झोपेल."

"बरं झालं. घरात तुमचं ऐकणारं कुणीतरी आलं."

स्वयंपाकघरातून बायकोचं, कार्त्यायनीचं, हसू ऐकू आलं. माषांनी ते नोंदवलं आणि लॅपटॉप उघडला.

पेनड्राइव्हवरचं लिनक्स बसवताना, आधीचं सगळं पुसायचं का, असं यंत्राने विचारलं तेव्हा त्यांनी बेधडक हो म्हटलं. फोटो मुलीने आधीच दुसरीकडे उतरवून घेतले होते. भाषा? मलयाळम. कळफलक? तोही मलयाळम — तत्त्व म्हणजे तत्त्व, त्यात अर्धवटपणा चालत नाही. पडद्यावरची अक्षरं जराशी सुजल्यासारखी, कडेने विरघळल्यासारखी दिसत होती, पण जगभरच्या लोकांनी बिनपगारी घडवलेली अक्षरं ती, त्यांच्यात खोट काढणं शोभलं नसतं. परवलीचा शब्द मागितला. इथे विचारच करायचा नव्हता. मावुंगाल. घराचं नाव. माणूस स्वतःचं नाव विसरेल, घराचं कसं विसरेल... बोटांनी सवयीच्या इंग्रजी कळा दाबल्या, एकदा, पडताळ्यासाठी पुन्हा एकदा, टिंबं उमटली, काम झालं. यंत्र बंद होऊन पुन्हा उठलं. परवलीचा शब्द मागणारं दार दिसलं. मावुंगाल.

शब्द चुकीचा आहे.

पुन्हा. सावकाश, एकेक कळ बघून. शब्द चुकीचा आहे.

— तेव्हा चंतूएट्टन असाच रस्त्यात उभा होता, हातात माशांची पिशवी, आणि समोरच्या फाटकाकडे बोट दाखवून मला विचारत होता, हे कुणाचं घर रे? थोरला भाऊ माझा. याच घरात जन्मलेला. मी म्हटलं, एट्टा, मावुंगाल. तो म्हणाला, असं होय, लोक चांगले दिसतात, आणि पिशवी घेऊन पुढे चालू लागला... त्याआधी काय होतं? त्याआधी तो कुलपाचा आकडा विसरला होता. त्याआधी, काहीबाही ठेवलेलं सापडत नव्हतं. तांदळाच्या पिंपात घड्याळ...

माषांनी पेनड्राइव्ह टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. मोहरीचा वास तरीही येत होता.

नाही. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलेलं आहे. शब्द मावुंगालच, हे गृहीत नव्हे, हे माहीत आहे. बोटांनी तेव्हाही याच कळा दाबल्या, आताही याच. मग बदललं काय? माष पडद्यावर जवळजवळ नाक टेकवून बघू लागले. कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं : दाराशी कळफलक इंग्रजी होता. आणि बसवताना, तत्त्वाखातर, मलयाळम! इंग्रजी कळांवर फिरलेल्या बोटांतून तेव्हा भलतंच काही उमटलं होतं, टिंबांमागे लपून. माषांनी त्या दोन अक्षरांवर टिचकी मारली, मलयाळम निवडलं, त्याच कळा दाबल्या.

दार उघडलं.

हिरवागार पडदा, कुणाच्याही मालकीचा नसलेला. माष मागे रेलले. चूक माझी नव्हतीच — त्यांना मोठ्याने म्हणावंसं वाटलं, फाटकापर्यंत, कोरनच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं. डोकं जागेवर आहे. चूक कळफलकाची होती, कारण सापडलं, कारण तर्कशुद्ध आहे...

एट्टनकडेही कारणं असायची. कुलूप बदललंय. रस्ता नवा केलाय. घड्याळ तांदळात ठेवलं की दमट होत नाही. एकही कारण तर्काला सोडून नसे.

तरीही पडदा हिरवा होता. संध्याकाळी व्याख्यान होतं. मावुंगाल, त्यांनी मनात म्हणून पाहिलं. मावुंगाल. आलं बरोबर.

कार्त्यायनी सुपात तांदूळ घेऊन दाराशी आली. जरा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"उघडलं का?"

"उघडलं."

"छान झालं. मग माष, आता तेवढा डोळ्यांवरचा माझा चष्मा काढून द्या. तांदूळ निवडायचेत."