जाळीत गेलेला गुलाल

मी गॅसवर चालणारा फ्रीज बोलतोय. हसू नका. आगीनं गार होणारं यंत्र असतं, हे कोल्हापुरात कुणालाच पटत नाही आणि समजावून सांगून मी कंटाळलोय. माझ्या पाठीशी एक छोटी निळी ज्योत जळते. तिच्या उष्णतेनं नळ्यांतला अमोनिया फिरायला लागतो आणि माझं पोट गार पडतं. ना मोटर, ना पंखा. हलणारं असं माझ्यात काहीच नाही, तरी मला एका जागी बसवत नाही.

मी परदेशातल्या एका कारखान्यात जन्मलो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या गाडीत बसून मी कितीतरी देश ओलांडले. गोव्यात त्यांनी गाडी विकली. नव्या मालकानं मला उपटून अंगणात टाकलं आणि माझ्यात चपला ठेवल्या. चपला! रस्त्यावरून गाडी गेली की माझ्या पत्र्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

तिथून मला वर्षाराणीनं आणलं. वारणानगरला शिकलेली, तोंडानं फटकळ. तिनं एक जुनी मिनीबस घेतली होती. आतली बाकडी काढून पलंग, ओटा आणि मला बसवलं. बघायला अख्खी गल्ली आली. तिचे काका गणपतराव, म्हणजे घराचे आण्णा, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बंगला सोडून डब्यात झोपणार? पावणं काय म्हणतील?"

"पावण्यांना पण झोपवतो की, आण्णा. जागा हाय."

पण गाडी होती तिच्या आईसाठी. झुंबरबाईंना रोज इन्सुलिन लागतं. मागं एकदा भर उन्हाळ्यात त्या लग्नाला गेल्या, औषध पिशवीत तापून खराब झालं आणि मांडवातून त्यांना थेट दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून आण्णांचा हुकूम : बाहेर मुक्काम नाही. शाळेच्या पुस्तकातला हंपीचा दगडी रथ एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. वर्षाराणीनं माझ्यावर हात ठेवून आईला शब्द दिला, "ह्यात तुझं औषध गार राहील. आपण जायचं." त्या दिवशी मला पुन्हा चाकं फुटल्यासारखं वाटलं.

निघायच्या आठवड्यात आण्णांनी गाडी जोतिबाला न्यायला लावली. नवी गाडी डोंगरावर गेल्याशिवाय लांबच्या रस्त्याला लागतच नाही. नारळ फुटला. आण्णांनी "चांगभलं!" म्हणत मुठी भरभरून गुलाल उधळला. टपावर, चाकांवर, काचांवर. मग त्यांना गाडीच्या अंगाला माझी जाळी दिसली. तिथून मी श्वास घेतो. ती तेवढी कोरी राहिली, म्हणून त्यांनी अगदी मायेनं दोन मुठी आत मारल्या.

मी शिंकू शकत नाही, ही माझी मोठी अडचण आहे.

घरी आल्यावर मला पेटवलं. ज्योत पिवळी, लुळी. रात्र गेली तरी पोटात ठेवलेला पाण्याचा पेला कोमटच. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं सिलिंडर बदला, कुणी म्हणालं गॅस भरून आणा. आण्णांनी माझ्या डोक्यावर दोन थपडा मारल्या, कारण त्यांचा जुना रेडिओ तशानं लागायचा. मला कुणी विचारेना. शेवटी आण्णांनी निकाल दिला, "जाणं रद्द. वैनी, तुमचं औषध घरच्याच फ्रीजमधी बरं हाय."

पिशवीत भरलेली लुगडी झुंबरबाई एकेक करून बाहेर काढायला लागल्या. ते बघून वर्षाराणी उठली, सिलिंडर बंद केला आणि बाहेरून माझी जाळी उघडली. आत सगळं गुलाबी.

"आण्णा, हिकडं या! हे बघा!"

"देवाचा गुलाल हाय त्यो. त्यानं कसं बिघडंल?"

"देवाचा हाय, व्हय. पण फ्रीजला म्हायत हाय काय त्ये? त्याच्या नाकात कोंबलाय तुम्ही!"

"जीभ आवर, वर्षे."

"आधी तुम्ही हात आवरायचा हुता."

आण्णा टाचणी घेऊन आले. गॅसचं बारीक भोक टोकरायला. माझ्या नळ्या थरारल्या. "टोकरू नका, भोक मोठं झालं की कायमचा गेला ह्यो!" वर्षाराणी ओरडली. तिनं तो भाग सोडवून स्पिरिटमध्ये भिजवला, मऊ ब्रशनं धुराडं झाडलं, पंक्चरच्या दुकानातून हवा मारून आणली. जोडांवर साबणाचं पाणी लावून गॅस गळत नाही ना, तेही बघितलं. मग काडी ओढली.

ज्योत निळी. ताठ.

माझी कामाची रीत संथ आहे, माझा स्वभाव नाही. ती सगळी रात्र मी स्वतःलाच शिव्या देत नळ्यांतून धावलो. सकाळी वर्षाराणीनं पोटातल्या पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवला आणि चार अंशांवर उतरलेला पारा आईपुढं धरला.

"तरीबी मला धीर न्हाय," आण्णा म्हणाले. आवाज मात्र कालचा नव्हता. "वैनी, तुम्हाला काय झालं तर?"

झुंबरबाई स्वयंपाकघरात गेल्या. औषधाच्या बाटल्या पदरात घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं माझ्यात ठेवल्या. "आण्णा, घरात बसून तरी काय होणार न्हाय, ह्याची खात्री द्या. न्हाय ना? मग मी येतो जाऊन."

त्यांनी दार लावलं. आण्णा गाडीपुढून बाजूला झाले.

आता निपाणी मागं पडलीय. गाडी चालताना मी बॅटरीवर असतो, मुक्कामाला गॅसवर. पत्रा खडखडतोय, बाटल्या जागच्या जागी आहेत, मला आणखी वेग हवाय. त्रास एकच. झुंबरबाई पुन्हापुन्हा उठतात, माझं दार उघडतात, बाटल्यांना हात लावून बघतात. कष्टानं जमवलेला गारवा भसकन बाहेर जातो. माझं एवढं ऐका, बाई. औषध माझ्याकडं आहे. मी जागा आहे. दार लावा आणि त्या खिडकीपाशी जाऊन बसा. बाहेरचं सगळं भराभर मागं जातंय आणि तुमचं अजून तिकडं लक्षच नाही.